बुऱ्हाणपूरची न मिळालेली खुर्ची आणि आपल्या दिवाणखान्यातला सोफा

१/ थ्रेड. नोव्हेंबर १६१५. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरास जहांगीरपुत्र शाहजादा परवेझ याच्या भेटीस गेला. शाहजादा उंचावर बसलेला, बाकी सारा दरबार उभा. रोने बसावयास खुर्ची मागितली. उत्तर आले की या जागी आजवर कोणीही बसलेले नाही. फार तर छत पेलणाऱ्या त्या चांदीमढल्या खांबाला टेकून उभे राहावे, एवढी सवलत देता येईल.

२/ ही हकीकत रोने स्वतःच्या रोजनिशीत नोंदवली आहे. ती मला आठवली सोफ्याच्या दुकानात. गेले तीन आठवडे आमच्या घरी ‘हवा तसा जोडून घेता येणारा’ लाउंज सोफा निवडण्याचे काम चालू आहे. आसने किती, लांब बाजू डावीकडे की उजवीकडे, पाठ किती उंच, बैठक किती खोल, असे प्रश्न विक्रेता विचारत होता. वरवर पाहता हे मापांचे प्रश्न. प्रत्यक्षात तो विचारत होता की तुमच्या घरी कोण, कसा, कोणासमोर बसणार. रोलाही नेमके याच प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

३/ प्रथम शब्द पाहू. ‘सोफा’ हा मूळचा अरबी ‘सुफ्फा’: जमिनीपासून जरा उंच केलेला ओटा. मदिनेतील पैगंबरांच्या मशिदीला लागून असा छत घातलेला सुफ्फा होता आणि तेथे घरदार नसलेले अनुयायी राहात. निराश्रितांचा ओटा हा आजच्या सर्वांत महागड्या घरगुती वस्तूचा पूर्वज आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

४/ तुर्की घरांत या ओट्यावर गालिचे आणि उशा आल्या. सतराव्या शतकात शब्द युरोपात पोहोचला. ‘दिवाण’चा प्रवास याहून नागमोडी. फारसीत दिवाण म्हणजे हिशेबाची वही. मग वह्या ठेवण्याची कचेरी, कचेरीत बसणारे मंत्रिमंडळ, मंडळ बसते ते दालन, आणि शेवटी त्या दालनातील भिंतीलगतची गादीची बैठक.

५/ इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ते दालन आजही पाहता येते. वजीर भिंतीलगतच्या बैठकीवर बसून राज्यकारभाराची चर्चा करीत, आणि त्यांच्या वरच्या अंगाला जाळीची खिडकी आहे. सुलतान जाळीआडून ऐकत असे. ऐकतो आहे की नाही, हे मात्र खाली बसलेल्यांना दिसत नसे. बैठक आरामाची, बसणे अजिबात आरामाचे नव्हे!

६/ मराठीने या शब्दाची बहुतेक सर्व रूपे घरात घेतली. दिवाण म्हणजे प्रधान, दिवाणी म्हणजे न्यायालय, दिवाणखाना म्हणजे बैठकीची खोली, आणि आतल्या पेटीत गोधड्या भरून ठेवायचा पलंग तोही दिवाणच. ‘गादी’चेही तसेच. कापूस भरलेली ती गादी, आणि साताऱ्याची, कोल्हापूरची तीही गादीच. बसण्याचे साधन आणि सत्ता यांना आपल्या भाषेने वेगळे शब्द दिलेच नाहीत.

७/ आता पुण्यास येऊ. १७९०. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज आणि पेशवे यांचा तह. शनिवारवाड्यातील त्या दरबाराचे चित्र टॉमस डॅनिएलने पुढे १८०५ मध्ये पूर्ण केले. त्यामागे जेम्स वेल्सने पुण्यात राहून केलेली रेखाटने होती. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. मध्यभागी सोळा वर्षांचे सवाई माधवराव, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तह पुढे करतो आहे. चित्रात खुर्ची शोधून पाहा. सापडणार नाही. दरबार बैठकीवर भरला आहे, आणि कंपनी सरकारचा वकीलही त्याच बैठकीच्या नियमांत बसला आहे.

८/ या बैठकीची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. खाली जाजम किंवा सतरंजी, तिच्यावर गाद्या, गाद्यांवर पांढरी चादर, भिंतीकडे लोड, हाताशी तक्के. एकही तुकडा दुसऱ्याला खिळलेला नाही. पाहुणे वाढले की गाद्या वाढतात, गाणे असले की मध्ये जागा होते, पंगत असली की सारे गुंडाळून कोपऱ्यात जाते. ‘मॉड्युलर’ या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

९/ पण येथे थांबून ‘आमच्याकडे सारे होतेच’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. तुकडे सुटे होते, माणसांच्या जागा सुट्या नव्हत्या. गादीवर कोण, लोडाला पाठ कोणी टेकायची, बिनलोडाच्या भागात कोण आणि जाजमाच्या कडेला कोण, हे ठरलेले असे. कित्येकांची पायरी अंगणातच संपे.

१०/ डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील बसण्याविषयी लिहिले आहे. वर्गात इतरांमध्ये त्यांना जागा नव्हती. कोपऱ्यात स्वतंत्र बसायचे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी पुन्हा आणावे लागे. आसनांच्या इतिहासावरील सचित्र ग्रंथांत हे गोणपाट बहुधा नसते. माझ्या मते ते पहिल्या प्रकरणात हवे.

११/ युरोपात याच गोष्टीला वेगळी उपकरणे होती. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमध्ये हातांची खुर्ची, बिनहातांची खुर्ची आणि बिनपाठीचे स्टूल अशी उतरंड होती. राणीसमोर स्टुलावर बसण्याचा हक्क हा डचेसांचा मान. इतर उमराव स्त्रिया उभ्या. त्या स्टुलासाठी दरबारात वर्षानुवर्षे डावपेच चालत.

१२/ अशा दरबारात सोफा शिरला, आणि तो गैरसोयीचा पाहुणा ठरला. खुर्ची एकाची असते, सोफ्यावर दोघे-तिघे बसतात. मग कोणाचा मान मोठा? शिवाय त्यावर रेलता येते, आणि रेललेला माणूस ताठ राहात नाही. १७४२ मध्ये क्रेबियों यांनी एक चावट कादंबरीच लिहिली, तिचा निवेदक पूर्वजन्मी सोफा असतो. १७८३ मध्ये इंग्रज कवी विल्यम कूपर यांस लेडी ऑस्टिन यांनी गमतीने सोफा हाच विषय दिला. त्यातून ‘द टास्क’ हे दीर्घकाव्य झाले आणि त्याच्या दुसऱ्या सर्गात कवी गुलामगिरीच्या निषेधापर्यंत पोहोचला. त्या काळी इंग्लंडातील श्रीमंती आसनांचे महोगनी लाकूड जमैकातून येई आणि ते तोडणारे हात गुलामांचे असत. कूपरचा विषय भरकटला, असे मला तरी वाटत नाही.

१३/ पुढे १८२२ मध्ये व्हिएन्नातील गेओर्ग युनिग्ल यांनी आसनात लोखंडी स्प्रिंग बसविण्याचे पेटंट घेतले. स्प्रिंगला खोल पेटी लागते, पेटीला भक्कम सांगाडा लागतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातील सोफा फुगीर, जड आणि जागचा न हलणारा झाला. मुंबईच्या कारागिरांनी याच काळात शिसवी लाकडात पानाफुलांच्या दाट नक्षीचे कोच घडवले. आकार युरोपचे, हात येथले. धनिकांच्या दिवाणखान्यांत ते दिमाखाने आले. मांडी घालून त्यांवर बसणे मात्र कठीणच.

१४/ आणि खुर्ची? बुऱ्हाणपुरास जी मागूनही मिळाली नव्हती, तीच आता राज्यकर्त्यांच्या हाती होती. उत्तर हिंदुस्थानात ‘कुर्सीनशीन’ हा अधिकृत दर्जा झाला. ज्याचे नाव यादीत, त्यालाच साहेबाच्या भेटीत खुर्ची. लोक त्यासाठी अर्ज करीत, शिफारशी आणीत, मिळालेले प्रमाणपत्र जपून ठेवीत. नियम तोच राहिला, फक्त मागणारा आणि देणारा यांनी जागा बदलल्या.

१५/ विसावे शतक. सोफ्याचे तुकडे पुन्हा सुटे झाले, याचे श्रेय आपण कल्पक रचनाकारांना देतो. त्यांच्याइतकाच वाटा एका रसायनाचा आहे. १९३७ मध्ये ओटो बायर यांनी जर्मनीत पॉलियुरेथेन शोधले आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. फोम सुरीने हव्या त्या आकारात कापता येतो. त्याला स्प्रिंग नको, खोल पेटी नको. सांगाड्याची सक्ती सुटली.

१६/ अमेरिकेत हार्वी प्रॉबर यांनी १९४० च्या दशकातच भूमितीच्या आकारांचे, एकमेकांस जोडून मांडायचे आसनखंड आणले होते. परंतु खरी उसळी १९७० ची. इटलीचे मारिओ बेलिनी तेव्हा पस्तिशीत होते. त्यांनी ‘कामालेओंदा’ रचला. सुमारे ९० बाय ९० सेंटिमीटरचे गुबगुबीत चौकोन. पाठ आणि हात आकड्यांनी, कड्यांनी व तारेने अडकवायचे आणि हवे तेव्हा सोडवायचे. नाव ‘कामालेओंते’ म्हणजे सरडा आणि ‘ओंदा’ म्हणजे लाट यांच्या जोडणीतून आले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात इटालियन गृहरचनेचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात तो होता.

१७/ १९७३ मध्ये फ्रान्सच्या मिशेल ड्युकारॉय यांचा ‘टोगो’ आला. आत सांगाडाच नाही, नुसता फोम, आणि बैठक थेट जमिनीवर. १९६८ च्या विद्यार्थी चळवळींतून गेलेली पिढी आईवडिलांच्या ताठ खुर्च्यांवर बसायला तयार नव्हती. तिला रेलायचे होते, गोलाकार बसायचे होते, घरात ‘वरची जागा’ नको होती. म्हणून हे सोफे इतके बुटके.

१८/ त्याच सुमारास मुंबईत काय होते? बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तेथे सोफ्याचा प्रश्न सौंदर्याचा नव्हता. दिवसा बैठक आणि रात्री बिछाना होईल अशी एकच वस्तू हवी होती. ‘सोफा-कम-बेड’ हा मराठी मध्यमवर्गाचा खरा कामालेओंदा. रात्री तो उघडताना होणारा लोखंडी आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या वाक्याचे स्पष्टीकरण नको.

१९/ आता सध्याच्या खरेदीकडे. इतिहासाने मला विक्रेत्याच्या प्रश्नांचा क्रम बदलायला शिकवले. रंग आणि कापड शेवटी. पहिला प्रश्न उंचीचा. जेवणाच्या खुर्चीचे आसन साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते, लाउंज सोफ्याचे ३८-४० वर येते. १९७३ च्या पॅरिसमधील तरुणाला ते मोकळे वाटले असेल. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी तो खड्डा आहे. बसता येते, उठता येत नाही. आणि ज्याला उठण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, तो हळूहळू बाहेरच्या खोलीत येऊन बसणे सोडतो.

२०/ दुसरा प्रश्न खोलीचा, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराचा. ५०-५५ सेंटिमीटरवर पाय खाली सोडून नीट बसता येते. ६५-७० वर मांडी घालता येते, पण पाय सोडून बसणाऱ्याची पाठ अधांतरी राहाते. येथे तक्क्या कामी येतो. तिसरा प्रश्न फोमच्या डेन्सिटीचा. ३२, ४० असे आकडे सांगितले जातात, ते किलो प्रति घनमीटर. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. तो वेगळा विचारावा लागतो. हे न कळल्याने मी एक आठवडा वाया घालवला.

२१/ आम्ही अखेर पाच तुकडे सांगितले. चार खोल आणि बुटके, कोठेही सरकवता येतील असे. पाचवा मुद्दाम ४६ सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना लाकडी हात असलेला, आजीसाठी, दाराजवळ. विक्रेता म्हणाला, जोडणीत तो विसंगत दिसेल. दिसू दे.

२२/ नमुन्याचा एक तुकडा परवा घरी आला. आजी त्यावर बसली, स्वतः उठली, पुन्हा बसली. घरकामाला येणाऱ्या मावशींनी तो चारी बाजूंनी पुसला, कापड छान आहे म्हणाल्या. मी म्हटले, “मावशी, बसून बघा ना.” “बघते की नंतर,” म्हणाल्या, आणि चहाची कपबशी घेऊन रोजच्यासारख्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फरशीवर बसल्या.