छपरावरून पाहिलेलं शहर

जर्मन भाषेत एक ऐसपैस शब्द आहे, पानोरामाफ्रायहाइट. चौकातला पुतळा किंवा रस्त्यावरून दिसणारी इमारत यांचा फोटो काढायला, छापायला कलावंताची परवानगी लागत नाही, या मोकळिकीचं ते नाव.

गंमत अशी, की यातला पॅनोरमा मुळात मोकळा नव्हताच. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने एडिंबरोत गोलाकार भिंतीवर चौफेर देखावा उभा करायची युक्ती काढली आणि १७८७ मध्ये तिचं पेटंट घेऊन टाकलं. नाव मागाहून ग्रीक शब्द जोडून घडवलं गेलं: पान म्हणजे सगळं, होरामा म्हणजे दृश्य. लंडनच्या देखाव्यासाठी त्याचा मुलगा आल्बियन मिल्स या पिठाच्या गिरणीच्या छपरावर चढून चित्रं काढत बसला. १७९३ पासून लेस्टर स्क्वेअरच्या गोल इमारतीत लोक पैसे मोजून असे देखावे बघू लागले.

कायद्यातली मोकळीक आली जर्मन राज्यांतून. १८४० मध्ये बव्हेरियाने इमारती आणि सार्वजनिक स्मारकं यांचं बाह्यरूप नकलेच्या बंदीतून वगळलं. पुढच्या जर्मन कायद्यांत अट पडली, कलाकृती रस्त्यालगत कायमची हवी. ‘कायमची’ म्हणजे किती, हा प्रश्न क्रिस्तो आणि जाँ-क्लोद या कलावंत जोडप्याने उभा केला. १९९५ मध्ये त्यांनी बर्लिनची राइशस्टाग इमारत दोन आठवडे कापडात गुंडाळून ठेवली. तिची पोस्टकार्डं विकायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मनाई केली. व्हिएन्नाच्या हुंडर्टवासर-हाउस या इमारतीचा एक फोटो समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून काढलेला होता; २००३ मध्ये त्याच न्यायालयात तोही या सवलतीबाहेर गेला. २०२४ मध्ये ड्रोनचे फोटो गेले. म्हणजे ज्या छपरावरून लंडनचा पॅनोरमा निघाला, त्याच छपरावर चढणाऱ्याला पॅनोरमाच्या नावाची ही सवलत नाही!

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा उंची विचारत नाही. कलम ५२ नुसार इमारतीचा फोटो खुशाल काढावा, छापावा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचाही. त्या यादीत चित्र मात्र नाही. सिनेमात भिंतीवरचं चित्र दाखवायची सोय पुढच्याच पोटकलमात आहे, फोटोला ती नाही. कायदा लिहिताना अख्ख्या इमारती रंगवण्याची टूम कुणाच्या ध्यानीमनी नसावी. २०२३ मध्ये मुंबईतल्या अशाच एका भित्तिचित्राचा फोटो जाहिरातीच्या फलकावर झळकला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ती जाहिरात काढून टाकायचा हुकूम झाला.