हॉटेलच्या भिंतीवरील चिनी माती

आपल्या वडूजकडे हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचे दुकान, हे मुंबईच्या पाहुण्यास प्रथम उमगत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गालिचे आणि झुंबरे असतात; आपल्यापुढे कढई, बाकडी आणि छातीपर्यंत पांढऱ्या फरश्या बसविलेली भिंत. तरीही या दोन हॉटेलांत नाते आहे. तिकडे दिवाणखान्यात निळी-पांढरी चिनी फुलदाणी, इकडे कपबशी आणि ती चकाकती फरशी. सर्वांचे कूळ एकच. त्या कुळाचा वृत्तांत आज मांडावयाचा आहे. कामगार संघटनेत आयुष्य गेल्यामुळे वस्तू दिसली की ती घडविणारा हात आधी शोधावयाचा, ही माझी खोड श्रोत्यांनी सांभाळून घ्यावी.

हे कूळ चीनमधील जिंगदेझेन या गावचे. जवळच्या गावलिंग येथील पांढरी माती (केओलिन हे नाव त्यावरूनच पडले) आणि कुटलेला एक दगड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंशांवर भाजले की ते काचेसारखे घट्ट होते. पाणी शोषीत नाही. टिचकी मारली तर खणखणते. १७१२ साली देंत्रकोल नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने तेथून लिहिलेल्या पत्रात कळविले की, एकेक भांडे म्हणे सत्तर माणसांच्या हातांतून जाते. एक नुसती काठाची रेघ ओढतो, दुसरा फूल रेखतो, तिसरा त्यात रंग भरतो. कामाची अशी वाटणी विलायतेच्या गिरण्यांत जन्मली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राजेलोकांना भांडी विकत मिळत, विद्या मिळत नसे. मग त्यांनी निदान तिची झळाळी भिंतीवर आणली. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. तेथे चिनी माती नाही. झिलई दिलेल्या निळ्या फरश्यांवरून ते नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा १६८७ साली औरंगजेबाच्या हाती सापडला, त्याला याच महालात डांबले. योगायोग असा की, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये व्हर्साय येथे चिनी धर्तीच्या फरश्यांनी मढविलेला एक महाल उठविला होता, तोही १६८७ सालीच पाडला गेला.

मुंबईला चीनचा परिचय व्यापाराने झाला. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. तेथील काही वाड्यांचा पाया अफूच्या पैशाचा आहे, हे सांगताना जीभ अडखळू नये. टाटा बंधू, सर रतन आणि सर दोराब, यांनी जमविलेली चिनी भांडी आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. त्यांच्या वडिलांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. त्याचा आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी गृहस्थ होते. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे.

परंतु गरिबाच्या वाट्याला ही झळाळी आली ती ताजमधून नव्हे, इराण्याच्या हॉटेलातून. कारण यंत्रात आहे. १८४० साली इंग्लंडात रिचर्ड प्रॉसर याने ओल्या मातीऐवजी जवळजवळ कोरडी भुकटी साच्यात दाबण्याची युक्ती काढली. पुढे त्याच रीतीने फरश्या होऊ लागल्या, स्वस्त झाल्या. हॉटेलवाल्याला तर ती पर्वणीच; धूर, तेल, चहाचे शिंतोडे, सारे एका ओल्या फडक्याने निघते.

कपबशीचे मात्र इतके सोपे नव्हते. मातीचे मडके शोषते म्हणून विटाळले तर फोडावे, असा आपला जुना समज. चिनी माती तर काहीच शोषीत नाही. म्हणजे त्या न्यायानेही कपाला विटाळ लागू नये! पण १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले, प्रायश्चित्ताचा घोळ झाला. मोठ्यांची ही कथा; दलितांसाठी हॉटेलच्या दारात वेगळा कप ठेवलेला असे, तो ज्याचा त्यानेच विसळावयाचा. पांढऱ्या फरशीजवळ बसण्याची गोष्टच नको. म्हणून शाहू छत्रपतींनी गंगाराम कांबळे यांस कोल्हापुरात हॉटेल काढावयास साहाय्य केले आणि स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेतला, त्या कपाचे मोल मला वस्तुसंग्रहालयातील कोणत्याही भांड्याहून अधिक वाटते.

आता निळी चिनी नक्षी फरशीवर यंत्राने छापून मिळते आणि नव्या हॉटेलांच्या भिंती तिने सजतात. यातला मोठा माल गुजरातेतील मोरबीचा. तेथल्या जुन्या धंद्यात परशुराम पॉटरी काढणारे गणपुळे मराठी होते. काम अजूनही भुकटी दाबण्याचेच. भुकटीतील गारेची धूळ, जिला सिलिका म्हणतात, श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुस दगडासारखे होत जाते. सिलिकोसिस हे त्या रोगाचे नाव. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत तो होता. डॉक्टरने कळविलाच पाहिजे असा रोग. पण खोकला आणि वाळलेले अंग पाहून पुष्कळदा क्षय ठरविला जातो, आणि क्षयाचा कागद हाती घेतलेल्या कामगारास भरपाई मागता येत नाही. म्हणून अशा कामगाराची छातीची तसबीर पाहताना डॉक्टरने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की तू काम कोठे करीत होतास?