एक जूनला जन्मलेली माणसे

शाळांच्या जनरल रजिस्टरावर विश्वास ठेवायचा झाला, तर महाराष्ट्रात एके काळी निम्मी प्रजा एक जून या दिवशीच जन्मास येत असे. याचे कारण ग्रहताऱ्यांत शोधू नये. ते शाळेच्या वेळापत्रकात आहे. जूनमध्ये शाळा उघडे. मास्तर वाडीवस्तीवर फिरून पोरे गोळा करी. ‘याचा जन्म कधीचा?’ असे विचारावे, तर आई सांगे, ‘पाटलाची विहीर लागली त्या साली हा अंगावर पीत होता.’ एवढ्या पंचांगावरून तारीख काढणे मास्तरच्या आवाक्याबाहेरचे होते. तो पोराला जवळ बोलावी, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावी, आणि कान हाताला लागला की सहा वर्षे वजा करून एक जून ही तारीख टाकून मोकळा होई. आजही कोणत्याही कचेरीत निवृत्तीचा समारंभ मे अखेरीस का गर्दी करतो, हे यावरून ध्यानात यावे.

शेजारचा रकाना जातीचा. तिथेही मास्तरचाच टाक चाले. कोणी नुसते ‘हिंदू’ लिहून पुढे जाई. कोणी बापाचा धंदा हीच जात समजून तो लिही. कोणी ऐकू येईल तसे लिही, आणि मग सख्ख्या भावाभावांच्या जाती कागदावर वेगळ्या पडत. यात मास्तरचा काही दुष्टावा नसे. संध्याकाळपर्यंत पट पुरा करायचा असे, एवढेच. पुढे साठ-सत्तर वर्षांनी त्या दोन रकान्यांवर कुणा नातवाच्या कॉलेजची फी अडून राहणार आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

कॉलेजच्या शिक्षणासाठी सरकारची मदत आहे, पण ती मागायला लागणारे कागद घरात नाहीत, अशी मुले आपल्यात पूर्वी होती आणि आजही आहेत. त्यांची कथा सणाच्या दिवसांत सांगावी की नाही याचा मी थोडा विचार केला. पण फराळाच्या ताटावर घरोघर मुलांच्या ‘ॲडमिशन’चाच विषय चालतो, तेव्हा ती अगदीच अस्थानी ठरू नये.

मुळात ही मदत सुरू झाली ती मोठ्या झगड्यातून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले आणि त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंपुढे अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन ठेवले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी तेवढे का नाहीत, असा त्यांचा सरळ हिशेबी सवाल होता. त्यातूनच १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांची कक्षा आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत वाढली. पुढे १९५९ साली, यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफी आली. तिलाच आपण इतकी वर्षे ‘ई. बी. सी.’ म्हणत आलो. आधी वार्षिक ९०० रुपयांची आणि पुढे १२०० रुपयांची उत्पन्नमर्यादा, एवढीच तिची अट. जातीचा प्रश्न तीत नव्हता. शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या किती मुलांनी त्या सवलतीवर पदवी घेतली, ते जुन्या मंडळींना विचारावे.

पण ई. बी. सी.लाही एक कागद लागे: उत्पन्नाचा दाखला. नोकरदाराच्या हातात पगाराची पावती असते. ज्याला जमीन आहे त्याला तलाठी ओळखतो. जो आज या खाणीवर तर उद्या त्या धरणावर, त्याची ओळख कोणत्या तलाठ्याने द्यावी? ‘दाखला’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, एक उदाहरण आणि दुसरा पुरावा. दारिद्र्याचे उदाहरण म्हणून ही माणसे भाषणांतून पुष्कळ आली. पुरावा म्हणून त्यांच्यापाशी काही नव्हते.

कागद कमी असण्याची कारणे सगळीकडे सारखी नाहीत. काहींच्या घरी आळस असतो, काहींचे ट्रंकेसकट पुरात जाते. परंतु महाराष्ट्रात असा एक मोठा समूह आहे की ज्याच्या कागदांची कहाणी निराळीच आहे. इंग्रजांनी १८७१ साली ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानवर वाढवली. पोर जन्माला आले की ते जन्मतःच संशयित. मोठ्यांच्या बोटांचे ठसे घेतलेले, रोजची हजेरी ठरलेली, गाव सोडायचे तर परवाना. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याची. आपल्या मुंबई राज्याने तो १९४९ साली रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. त्या दिवसापासून या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा आहेत. वडार, कैकाडी, बंजारा, रामोशी, पारधी ही त्यांतली काही नावे. आता यातली मौज पाहा, मौज म्हणवत नाही खरी. ज्यांच्याइतकी बारकाईने सरकारने दुसऱ्या कुणाची नोंद ठेवली नाही, त्यांच्याच नातवंडांना आज सरकार म्हणते, ‘तुमची नोंद दाखवा.’ ठाणेदाराकडे आजोबांचा अंगठा होता. शाळेकडे त्यांचे नाव नव्हते.

सवलतीसाठी राज्याने काही तारखा ठरवून दिल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वी आपले घराणे या राज्यात राहत होते, हे मुलाने दाखवायचे. मग जातीचा दाखला, आणि त्यावर पुन्हा पडताळणी समितीचे प्रमाणपत्र. ही पडताळणी उगीच आली असे म्हणता येणार नाही. खोट्या जातीवर खऱ्यांच्या जागा बळकावण्याचे प्रकार घडले होते. १९९४ सालच्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समित्या नेमण्याची पद्धत घालून दिली, आणि पुढे राज्याचा कायदाही झाला. मला एवढेच दिसते की लबाडाजवळ कागद तयार करण्याचीही ऐपत असते. चाळणीत अडकतो तो पालात जन्मलेला. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके यांनी २००८ साली आपल्या अहवालात कागदांअभावी होणारी ही कोंडी सरकारपुढे मांडली होती.

त्यात आणखी राज्यांच्या सीमा. बंजारा आंध्रात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, आपल्याकडे विमुक्त. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जात, आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त. विजापूर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तिथला वडार दगड फोडत सोलापुरात आला तेव्हा त्याने कोणती सीमा ओलांडली नव्हती. सीमाच नंतर त्याच्या मागून आली.

कागद नसलेल्या मुलांना सरकारने कधी पदरात घेतलेच नाही काय? घेतले आहे, आणि तेही आमच्या जवळच. कळव्याहून कल्याणला जावे आणि तिथून पुढे दुसऱ्या स्टेशनावर उतरावे, की उल्हासनगर. महायुद्धातल्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नवे नाव रूढ झाले. घरे, दुकाने, कपाटे मागे टाकून आलेल्या या लोकांकडून कागदांची काय अपेक्षा ठेवायची? राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने प्रश्न सोडवला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप अथवा आजीआजोबांपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मले, आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथे राहिला, तो नागरिक. त्यानंतर आलेल्याने अर्ज करून नाव नोंदवायचे. विस्थापित विद्यार्थ्यांना सरकारने विद्यावेतने दिली, कर्जे दिली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मुंबईत १९४८ साली जयहिंद कॉलेज उभे केले. त्या काळी देशाची तिजोरी काही भरून वाहत नव्हती. तरीही ‘तुझ्या आजोबांचा दाखला कराचीहून घेऊन ये’ असे म्हणून सरसकट कोणाला परत पाठवले नाही.

दूरच्या अमेरिकेचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. आता घराघरातले कोणी ना कोणी तिकडे असतेच. टेक्सास राज्याने परवान्याविना राहणाऱ्यांच्या मुलांना फुकट शाळा नाकारली, तेव्हा १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आईबापांच्या कागदांपायी मुलाची शाळा बंद करता येणार नाही. शाळा मिळाली, कॉलेजचे दार तसेच राहिले. मग कॅलिफोर्नियाने २००१ साली नियम केला: आमच्या हायस्कुलात तीन वर्षे शिकून जो उत्तीर्ण झाला, त्याला कॉलेजात स्थानिकांचीच फी, कागद नसतील तर परवाना मिळण्याजोगा होताच तो मागीन असे त्याने लिहून द्यावे. २०११ साली अशा मुलांना राज्याची आर्थिक मदतही खुली झाली. टेक्सासनेही २००१ मध्ये फीची सवलत दिली होती, ती २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाच्या हुकुमाने थांबली. तेव्हा तिकडे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. आपल्या मराठी इंजिनियरांच्या मुलांचेही आईबापांच्या व्हिसावरचे कागद एकविसाव्या वर्षी संपतात आणि घरात काळजी सुरू होते. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. कॅलिफोर्नियाने मुलाला त्याच्या आजोबांविषयी विचारले नाही. ‘तू आमच्या शाळेत किती वर्षे होतास?’ असे विचारले. त्याचे उत्तर शाळेच्या रजिस्टरात लिहिलेलेच असते.

आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही वयाचा दाखला नाही म्हणून कुणाला शाळेत नाकारायचे नाही असे ठरवले आहे. त्यामुळे चौदा वर्षांपर्यंत मूल आमच्यापाशी बिनघोर शिकते. दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, आणि मग प्रश्न सुरू होतात.

आमचे कळवे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये बसलेले आहे. मफतलाल, मुकंद, सीमेन्स अशा कारखान्यांनी इथे घाटावरची आणि कोकणातली माणसे आणली. डोंगराच्या खाणींनी दगड फोडणारी आणली. वाघोबानगर, भास्करनगर, घोलाईनगर या वस्त्या डोंगराच्या अंगाने वर चढत गेल्या आहेत. त्यांतल्याच एका वस्तीतला एक वडाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात तल्लख. बारावीनंतर त्याला इंजिनियरिंगला जागा मिळण्यासारखी होती, पण फीमाफीच्या अर्जाला जातीचा दाखला हवा होता. मुलगा जन्मला कळव्यात, बाप आला लहानपणी. आधार कार्ड होते, रेशनकार्ड होते, विजेचे बिल होते. १९६१ पूर्वीचे मात्र एक चिटोरेही नव्हते.

बापाला मी घरी बोलावून घेतले. ‘तुमच्या वडिलांचे काही असेल का? शाळा, जमीन, मतदारयादी?’

‘मास्तर, जमीन असती तर दगड कशाला फोडला असता?’ तो म्हणाला. मग थोड्या वेळाने आठवून बोलला, ‘आमचा बा साळंत गेला व्हता म्हणं. पर टिकला न्हाई.’

‘कोणत्या गावी?’

त्याने मंगळवेढ्याकडच्या एका गावाचे नाव सांगितले. तिथे त्या वेळी रस्त्याचे काम चालू होते आणि पाले शाळेच्या मागेच पडली होती.

बापलेक एसटीने गेले. लोकल बोर्डाची ती शाळा १९६२ साली जिल्हा परिषदेकडे आली होती, आणि सुदैवाने जुनी रजिस्टरे कोणी रद्दीत घातली नव्हती. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी दोन दिवस बसून पाने उलटली. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव सापडले. दाखल १९५७. जन्मतारीख अर्थात एक जून. जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘वडार’. हजेरी दीड महिन्याची. शाळा सोडल्याचे कारण: ‘पालक गाव सोडून गेले.’

बाईंनी उतारा लिहून सही-शिक्का करून दिला. त्यावरून तालुक्याच्या कचेरीतून दाखला निघाला. पडताळणीला आणखी काही महिने गेले, आणि तोवर पहिल्या सहामाहीची फी बापाने सावकाराकडून उचलून भरली. मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची धाकटी बहीण यंदा दहावीला बसते आहे. भावाचे पडताळणीचे प्रमाणपत्र तिला उपयोगी पडेल, म्हणून त्याच्या पाच झेरॉक्स काढून बापाने एक प्रत माझ्याकडे ठेवायला दिली आहे.