टाळ पुढच्याच्या हातात : लोकलमधल्या भजनाचा इतिहास

दिव्यात बोलायचं आणि लोकलचा विषय टाळायचा, हे काही जमणार नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

कला दुसऱ्यांपर्यंत पोहोचवायची म्हटलं की आज आपण आधी मोबाईल काढतो. पण मध्य रेल्वेच्या डब्यात माणसं कित्येक वर्षं सकाळी टाळ वाजवत आपली कला एकमेकांना देत आली आहेत. ही रीत आली कुठून?

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. याच रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या मुंबईत कोकणातून, घाटावरून माणसं आली. गिरणगावातल्या चाळींत, गाववाल्यांच्या खोल्यांत त्यांची भजनी मंडळं उभी राहिली. घाटावरचे लोक वारकरी चाल घेऊन आले, कोकणातल्या बुवांनी डबलबारी आणली, म्हणजे दोन बुवांचा समोरासमोर सामना. भजन ही करमणूक होती, तसाच गावाशी धरलेला धागाही होता.

पुढे जागा महागली आणि माणसं रुळांच्या कडेकडेनं उत्तरेकडे सरकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपानंतर गिरणगाव विरत गेलं. कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण इथं नवी घरं झाली. चाळीतला व्हरांडा सुटला, संध्याकाळही प्रवासात जाऊ लागली. मग भजनाला मोकळा वेळ उरला कुठे? गाडीतच!

आता या भजनाची रचना बघा. तीच गाडी, तोच डबा, तीच माणसं. एक जण चाल धरतो, बाकीचे मागून उचलतात. ढोलकी नसेल तर डब्याचा पत्रा वाजतो. गजरानं सुरुवात, मग अभंग, मध्ये गौळण, उतरायची वेळ आली की भैरवी. हाती लिहिलेल्या वह्या पिशवीत असतात. नवा माणूस आधी नुसता ऐकतो, मग टाळ्या वाजवतो, एक दिवस कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतं. ताल चुकला तर शेजारचा नजरेनंच सांगतो. शिकवणी लावायची गरज पडत नाही, फीही नाही. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूचं तोरण लागतं, गाडीची पूजा होते.

अर्थात, याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. कुणाचा धर्म वेगळा, कुणाचं डोकं दुखत असतं. ठरलेल्या जागा अडवल्या तर नव्या प्रवाशानं उभं का राहायचं? या तक्रारी खऱ्या आहेत. ऐकणाऱ्याला उठून जाता येत नसेल, तर देणाऱ्यानं आवाज सांभाळायला हवा.

आणि दिव्याचं दुखणं याहून मोठं आहे. जलद गाड्या इथं थांबायला डिसेंबर २०१६ उजाडला. आजही बसायला मिळावं म्हणून लोक आधी उलटे डोंबिवली-कल्याणकडे जातात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. जिथं पाय ठेवायला जागा नाही, तिथं टाळ कुठे उघडणार? म्हणून मी म्हणतो, भजनाचा प्रश्न हा गाड्यांच्या संख्येचाही प्रश्न आहे. कलेला आधी जागा लागते, साधी, बसण्यापुरती.

मोबाईलवर चाल जपता येते, आणि जपावीही. गावी गेलेल्या जुन्या सोबत्याला ती पाठवता येते. पण चुकलेल्या ठेक्यावर शेजाऱ्याची ती नजर त्यात येत नाही. ती यायला शेजारी बसावं लागतं.

तर मंडळी, गाडीत जमत नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर, आठवड्यातून एक तास काढा. भजनच हवं असं नाही. रांगोळी असो, ढोलकी असो, विणकाम असो. फक्त एक जोड टाळ जास्तीचा ठेवा, येणाऱ्यासाठी.