मध्यरात्री नागपुरात भेटणारी विमानं

परवा चहाच्या टपरीवर एका पोरानं मोबाईल बघून सांगितलं, "भाऊ, मुंबई-कोलकाता विमानानं फक्त अडीच-पावणेतीन तास!" सरळ रेषेत हे अंतर साधारण १६५० किलोमीटर. गंमत म्हणजे त्या रेषेवरच आपलं नागपूर येतं. दिल्ली-चेन्नईचंही तसंच.

१९४९ साली पोस्ट खात्यानं याचा फायदा घेतला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री डाक घेऊन विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि प्रत्येक विमान बाकी तिघांची डाक घेऊन आपापल्या शहरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! रेल्वेनं दीड-दोन दिवस लागायचे. आणि विमानं कोणती, तर डकोटा, तासाला जेमतेम अडीचशे किलोमीटरवाली. आजच्या जेटच्या निम्माही वेग नाही. वेळ वाचला तो वेळापत्रक जुळवल्यानं.

आता आपलं बघा. नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं. महागाववरून नागपूर गाठायलाच चार-पाच तास, वर दोन तास आधी हजेरी. यवतमाळची धावपट्टी २००९ मध्ये खाजगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली, नियमित प्रवासी विमान काही आलं नाही. नांदेड जवळ, पण तिथली सेवाही मधे बंद पडली होती.

सभेत विमानतळाचं आश्वासन देणाऱ्या पुढाऱ्यांना माझा साधा प्रश्न: आपल्याकडून निघालेली एसटी नागपुरात नेमक्या कोणत्या विमानाच्या वेळेला पोचते?