लेगपीस कोणाला?

आमच्या घरी रविवारी एक कोंबडी यायची. खाणारी तोंडं सात, लेगपीस दोनच. एक आजोबांच्या ताटात, दुसरा भावाच्या. जावई आले की भावाचाही जायचा. आई आणि मी पंख, मान आणि रस्सा यांवर खूश असायचो, किंवा तसं म्हणायचो. तुमच्याकडेही हिशेब थोडाफार असाच असणार. म्हणून पोस्टडॉकसाठी अमेरिकेत आल्यावर दुकानात नुसत्या मांड्यांचा भरलेला ट्रे दिसला, आणि तोही छातीच्या मांसापेक्षा स्वस्त, तेव्हा मी किमतीचं लेबल दोनदा वाचलं.

शंभर वर्षांपूर्वी इथेही कोंबडी अशी स्वस्त नव्हती. कोंबड्या पाळायच्या त्या अंड्यांसाठी. अंडी थांबली की मग हंडीत. परसातल्या कोंबड्या हे बहुधा घरातल्या बाईचं खातं. 1923 मध्ये डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील यांनी 50 पिल्लं मागवली आणि आली 500. त्यांनी ती परत न पाठवता खास मांसासाठी वाढवली आणि चांगल्या भावाने विकली. तीन वर्षांत त्यांच्याकडे दहा हजार पिल्लांची शेड होती. बघता बघता शेजारपाजारचे शेतकरीही याच धंद्यात उतरले.

पुढे 1948 मध्ये 'उद्याची कोंबडी' नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. हवी होती रुंद, भरदार छातीची कोंबडी. तरीही 1960च्या सुमारास बहुतेक कोंबड्या अख्ख्याच विकल्या जात. मग तुकडे पाडून विकणं वाढलं, चरबी टाळा असे सल्ले आले, आणि पांढरं, बिनहाडाचं मांस लाडकं झालं. पण छाती वाढवली तरी प्रत्येक कोंबडीला दोन पाय येतातच. त्यांचं करायचं काय?

ते परदेशी पाठवायचे. 1990च्या सुमारास सोव्हिएत संघात इतके पाय गेले की तिथल्या लोकांनी त्यांना 'बुशचे पाय' असं नाव ठेवलं. भारताचं दार मात्र उघडेना. आपल्याकडे पायांनाच मागणी, त्यामुळे अमेरिकेची ही उरलेली स्वस्त तंगडी आली तर आपलं काय, ही आपल्या पोल्ट्रीवाल्यांची धास्ती. 100 टक्के आयातशुल्क होतं, शिवाय बर्ड फ्लूच्या कारणावरून बंदी. अमेरिका 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2015 मध्ये भारत बंदीचा खटला हरला. आमच्या रविवारच्या भांडणाचा एवढा मोठा चुलतभाऊ असेल, असं वाटलं नव्हतं.

आता स्वयंपाकाचं. पाय सतत राबतात, म्हणून त्यांचं मांस गडद आणि चिवट धाग्यांचं. ते धागे सावकाश उष्णतेत विरघळतात आणि मांस रसरशीत होतं. छाती तेवढ्या वेळात लाकूड होते. म्हणजे मांडी नवशिक्याला सांभाळून घेते. आठ मांड्यांना मीठ, हळद आणि लिंबू चोळा. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं आणि भरपूर लसूण यांचं वाटण दोन चमचे घट्ट दह्यात कालवून लावा. रात्रभर ठेवलं तर उत्तम, तासभरही चालतं. 425 अंश फॅरनहाइटला साधारण 40 मिनिटं भाजा. 165 अंशांना चिकन खाण्याजोगं होतं, पण मांडी 185पर्यंत जाऊ द्या. हाडाजवळचा चिवटपणा तेव्हाच जातो. ट्रेमध्ये साठलेला रस फेकू नका, भातावर घ्या.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. पहिली मांडी मी तिच्या ताटात वाढली. तिने ती उचलून माझ्या नवऱ्याच्या ताटात ठेवली. ओव्हनमध्ये अजून सात आहेत, असं मी म्हणेपर्यंत ती रस्सा शोधत होती.