डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग व्हील

डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग व्हील हे सिम रेसिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय मोटार शर्यतींसाठी वापरले जाणारे उपकरण आहे. यात चालकाच्या हातातील चक्र विद्युत मोटरच्या दांड्यावर थेट जोडलेले असते. मोटर आणि चक्र यांच्यामध्ये दातेरी चाके किंवा पट्टा नसतो, यावरून या रचनेला हे नाव मिळाले. आधीच्या रचनांपेक्षा हे उपकरण अधिक बल निर्माण करू शकते. तथापि टायर आणि रस्ता यांच्यातील बारीक बदल चालकाच्या हातापर्यंत कमीत कमी फरकाने पोहोचवणे, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

बल-प्रतिसादाचे तत्त्व

खरी मोटारगाडी वळणावर असताना पुढच्या टायरांवर येणारे बल चाकांना पुन्हा सरळ रेषेत आणू पाहते. हे बल सुकाणूच्या दांड्यातून चालकाच्या हाताला जाणवते. वळण जसे तीव्र होते तसे चक्र जड होत जाते. टायरची पकड सुटण्याच्या सुमारास मात्र ते हलके होऊ लागते. पुढची चाके घसरणार असल्याची ही पूर्वसूचना असते. गाडीचा मागचा भाग घसरल्यास चक्र आपोआप घसरणीच्या दिशेने वळू पाहते आणि अनुभवी चालक त्याला त्या दिशेने जाऊ देतो.

संगणकीय शर्यतीत गाडी स्थिर असल्याने शरीराला वेग, धक्के किंवा झुकणे जाणवत नाही. दृश्य आणि आवाज यांखेरीज हातांना मिळणारा प्रतिसाद हाच माहितीचा प्रमुख मार्ग असतो. खेळाचा कार्यक्रम टायरांवरील बलांचे गणित सतत करतो आणि त्यानुसार मोटरला आदेश देतो. या व्यवस्थेला बल-प्रतिसाद किंवा फोर्स फीडबॅक म्हणतात.

पूर्वीच्या रचना

घरगुती वापराची बल-प्रतिसाद चक्रे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. त्यांत लहान मोटरचे बल दातेरी चाकांनी वाढवले जाते. २००६ मधील लॉजिटेक जी२५ आणि २०१५ मधील जी२९ ही या प्रकारची परिचित उदाहरणे होत. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ असते. परंतु दात्यांमधील सूक्ष्म फटीमुळे दिशा बदलताना खडखड होते आणि चक्र मध्यभागी असताना थोडा भाग निर्जीव वाटतो.

दुसऱ्या प्रकारात दातेरी चाकांऐवजी पट्टा असतो. २०१४ मधील थ्रस्टमास्टर टी३०० आरएस हे त्याचे उदाहरण आहे. पट्ट्यामुळे फिरणे मऊ आणि शांत होते. मात्र पट्ट्याची लवचीकता आणि घर्षण यांत लहान, जलद कंपने विरून जातात. थेट जोडणीत हे दोन्ही दोष उरत नाहीत.

इतिहास

२००० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील लिओ बोडनार यांनी सिमस्टिअरिंग ही थेट जोडणीची प्रणाली उपलब्ध करून दिली. तिची किंमत सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर होती. पुढील दशकाच्या पूर्वार्धात हौशी मंडळींनी कारखान्यांतील यंत्रांसाठी बनवलेल्या सर्व्हो मोटर घेऊन स्वतःच चक्रे जुळवण्यास सुरुवात केली. हा प्रयत्न ओपन सिम व्हील या नावाने ओळखला जातो. अशा जुळणीसाठी मोटरनियंत्रक पुरवणाऱ्या फिनलंडमधील ग्रॅनाइट डिव्हायसेस या कंपनीने पुढे सिम्युक्यूब ही उत्पादनमालिका आणली. तिची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली.

फॅनाटेक या जर्मन नाममुद्रेच्या पोडियम मालिकेनंतर तयार संच घेणाऱ्यांची संख्या वाढली. २०२१ मध्ये याच नाममुद्रेचे सीएसएल डीडी हे ५ न्यूटन-मीटर क्षमतेचे लहान उपकरण आले आणि ही रचना मध्यम किमतीत मिळू लागली. अधिक क्षमतेचा वीजपुरवठा संच जोडल्यास तेच उपकरण ८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. २०२२ मध्ये लॉजिटेकने ११ न्यूटन-मीटरचे जी प्रो बाजारात आणले. थ्रस्टमास्टरचे टी८१८ आणि चीनमधील मोझा कंपनीची उत्पादने याच सुमारास आली. फॅनाटेकची मूळ कंपनी एंडॉर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेल्यानंतर ती नाममुद्रा अमेरिकेतील कोर्सेअर कंपनीने विकत घेतली.

टॉर्क आणि त्याचा अर्थ

चक्राची ताकद न्यूटन-मीटर या एककात सांगितली जाते. अक्षापासून १० सेंटिमीटर अंतरावर सुमारे १ किलोग्रॅम वजन टांगल्यास जो पीळ निर्माण होतो, तो साधारण १ न्यूटन-मीटर असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ८ न्यूटन-मीटर टॉर्क असल्यास कडेला सुमारे साडेपाच किलोग्रॅम वजनाइतका जोर जाणवतो. २० न्यूटन-मीटरला हाच जोर साडेतेरा किलोग्रॅमच्या पुढे जातो. जी२९ सारख्या दातेरी चक्राची क्षमता २ न्यूटन-मीटरच्या आसपास असते.

अधिक क्षमतेचा उपयोग केवळ चक्र जड करण्यासाठी नसतो. खेळाने मागितलेले बल मोटरच्या मर्यादेपलीकडे गेले, तर त्यावरील सर्व चढउतार एकाच पातळीवर कापले जातात. या दोषाला क्लिपिंग म्हणतात. नेमक्या तीव्र वळणावर, जेथे चालकाला सूचनेची सर्वाधिक गरज असते, तेथेच ती नाहीशी होते. मोठी मोटर कमी जोरावर चालवल्यास वरच्या बाजूस वाव राहतो आणि बारकावे टिकतात.

जुने चक्र बदलताना

डायरेक्ट ड्राइव्हचा संच अनेकदा सुट्या भागांत विकला जातो. मोटर असलेला पाया, हातात धरायचे चक्र आणि पायांची पेडले यांची किंमत वेगवेगळी असू शकते. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स वापरणाऱ्यांना त्या यंत्रासाठी परवाना असलेलेच उपकरण घ्यावे लागते. संगणकावर हे बंधन नसते.

बैठक हा दुसरा महत्त्वाचा घटक आहे. अभ्यासाच्या टेबलाला पकडीने जोडलेले लहान उपकरण साधारण ५ ते ८ न्यूटन-मीटरपर्यंत चालू शकते. त्यापुढे टेबल हलू लागते आणि मोटरचा जोर चालकाच्या हातापर्यंत न पोहोचता लाकडात वाया जातो. मोठ्या मोटरसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट आणि तिला घट्ट बसवलेले आसन लागते. हा खर्च मूळ किमतीत धरलेला नसतो.

नवे चक्र घेतल्याने फेरीचा वेळ आपोआप कमी होत नाही. गाडी सावरणे सोपे जाते आणि सातत्य वाढू शकते. मात्र वेळ मुख्यतः ब्रेक कोठे व किती दाबला यावर ठरतो. त्यामुळे मर्यादित खर्चात अंतरापेक्षा दाब मोजणारे ब्रेक पेडल आधी घ्यावे, असे मत अनेक खेळाडू मांडतात.

सुरक्षितता

गाडी भिंतीवर आदळल्यास शक्तिशाली मोटर चक्राला अचानक झटका देते. अंगठा चक्राच्या आऱ्यांत अडकला असल्यास मनगट किंवा अंगठा दुखावू शकतो. अशा वेळी चक्रावरील पकड सोडणे योग्य ठरते. मोठ्या उपकरणांसोबत वीजपुरवठा तत्काळ तोडणारे आपत्कालीन बटण दिले जाते आणि ते हाताच्या टप्प्यात बसवावे लागते. प्रथम वापरताना बल कमी ठेवून ते क्रमाने वाढवणे हितावह असते. लहान मुलांसाठी कमाल मर्यादा आधीच घालून ठेवता येते.

भारतातील संदर्भ

चेन्नईजवळील मद्रास सर्किट, कोइम्बतूरचे कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ही भारतातील प्रमुख सर्किटे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजपासून यांपैकी सर्वांत जवळचे मद्रास सर्किटही सरळ रेषेत सुमारे ७५० किलोमीटर दूर आहे. मुंबईचे जेहान दारूवाला फॉर्म्युला २ पर्यंत आणि कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत पोहोचले. परंतु त्यासाठी त्यांना परदेशांत शर्यती कराव्या लागल्या. टायर, इंधन आणि प्रवास यांचा खर्च न करता सरावाची संधी मिळणे, हे ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने संगणकीय शर्यतींचे महत्त्व आहे.

निसान आणि प्लेस्टेशन यांच्या जीटी अकॅडमी या उपक्रमाने २००८ पासून खेळातील चालकांना खऱ्या शर्यतीत उतरवले. २०१४ मध्ये त्यात भारताचाही समावेश झाला. त्या काळी सहभागी होणाऱ्यांना डायरेक्ट ड्राइव्ह चक्राची आवश्यकता नव्हती. उपकरण कौशल्याची जागा घेत नाही, ते कौशल्याला अधिक स्पष्ट माहिती पुरवते, हे यावरून दिसून येते.

हेही पहा

फॉर्म्युला वन
बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट
सर्व्हो मोटर
टॉर्क